मागच्या सीटवरची पेटी

अण्णासो बिरनाळे माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, ते खुर्चीवर उपकार केल्यासारखे. गाडीची किल्ली टेबलावर आपटली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय सायेब. कुठं खरचटलं न्हाई."

हे वाक्य मी दिवसातून पंधरा वेळा ऐकतो. ज्यांना खरचटण्यापेक्षा जास्त काही झालं, ते माझ्यासमोर येऊन बसू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण हे या लोकांना सांगून उपयोग नसतो. आपण वाचलो ही नशिबाची गोष्ट आहे की कसबाची, याचा विचार करायला डोकं लागतं, आणि ते वापरायचं असतं तर यांना माझ्याकडे पाठवलंच नसतं.

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "अण्णासो, मंगळवारी तुमची नात चार वेळा मेली."

बिरनाळ्यांचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोला. चांगली उड्या मारत्येय पोरगी."

"हो. म्हणूनच बोलावलंय. मेली असती तर बोलावलं नसतं."

हा कागद काय असतो ते सांगतो. सरकारी भाषेत त्याचं नाव 'न झालेल्या अपघातांचा अहवाल'. लोकांनी त्या यंत्राला पहिल्याच महिन्यात चित्रगुप्त म्हणायला सुरुवात केली आणि अहवालाचा झाला 'कागद'. छापील काही नसतं, फोनवरच येतो, पण नाव राहिलं. गाडीच्या प्रत्येक सीटखाली एक पातळ पट्टी असते. कोण बसलंय, वजन किती, पाठ टेकलीय का, पट्टा लावलाय का, हे तिला कळतं. एक डोळा चालकाच्या नजरेवर असतो आणि दुसरा रस्त्यावर. आतली गणिती पेटी दर सेकंदाला शंभर प्रश्न विचारते. आत्ता समोरचा थांबला तर? हे कुत्रं आडवं आलं तर? ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर? बहुतेकांची उत्तरं निरुपद्रवी असतात, ती ती फेकून देते. पण जिथे अपघात अगदी हातभर अंतरावर येऊन गेला, तिथे ती तो अपघात पूर्ण घडवून बघते. गणितात. कोण कुठे आदळला, कशावर आदळला, कोण उरला. प्रवास संपला की गाडीत बसलेल्या प्रत्येकाला कागद जातो. मूल असेल तर मुलाच्या आईला.

यातून काय काय झालं! ठरलेली लग्नं मोडली. वधूपित्यांनी आधी कागद मागायला सुरुवात केली, मग पत्रिका. सख्खे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांतून एकाच लग्नाला जाऊ लागले. आणि बिरनाळ्यांची सून कागद वाचून पोरीला घेऊन माहेरी निघून गेली.

"मांडीवर बसवली होती," मी म्हणालो. "स्टिअरिंग तिच्या हातात."

"थोडंसं. गावातल्या गावात. तिला हौस हाय." मग आवाज मऊ झाला. "सायेब, आजाच्या मांडीवर पोर म्हंजे देवघरातली मूर्ती. माझ्याइतकी माया हाय का कुणाची तिच्यावर?"

"माया गाडी थांबल्यावर. गाडी पन्नासच्या वेगानं झाडावर आदळते तेव्हा गाडी थांबते, अण्णासो. आतली माणसं थांबत नाहीत. ती पन्नासच्याच वेगानं पुढे जातात, कुणीतरी अडवेपर्यंत. पट्टा असेल तर पट्टा अडवतो. नसेल तर काच. तुमची बारा किलोची नात त्या क्षणी साडेतीनशे किलोची होते. तुम्ही धरणार साडेतीनशे किलो? आणि मागून येणार तुमचं पोट. पोरीच्या पुढं स्टिअरिंग आणि मागं आजोबा. मायेचे आजोबा."

ते उठले. दारापाशी जाऊन वळले. "सायेब, तुमच्या गाडीचा कागद कसा येतो म्हणायचा?"

"माझी गाडी जुनी आहे. तिला सूट आहे."

"असं व्हय," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत जेवढी तुच्छता होती तेवढी मला पंधरा वर्षांत जमली नव्हती.

*

माझं नाव रघुनाथ ताम्हनकर. सांगलीत एका वाहन समुपदेशन केंद्रात मी बेशिस्त चालकांना शहाणपण शिकवतो आणि शनिवारी अच्युतबुवा कागवाडकरांच्या कीर्तनाला पेटीची साथ करतो. दुसरं काम माझं खरं आहे. पहिलं पोटासाठी.

बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. आवाज अजून असा, की पूर्वरंगात पहिला आलाप घेतला की देवळातली पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात. निरूपणात अवघड मुद्दा आला की हसवून सांगायचे आणि लोक हसत असतानाच असं काही बोलायचे की हसू तोंडातच राहायचं. चौदा वर्षं मी त्यांना माझ्या गाडीतून नेत होतो. गावोगावचे उत्सववाले मोठाल्या गाड्या पाठवायचे. बुवा म्हणायचे, "ताम्हनकरांची खटारा गाडी बरी. तिच्यात झोप लागते." मला दुसरी कसली बिदागी नको होती.

आणि मी काय काळजी घ्यायचो! बुवा माझ्या शेजारी, पट्टा लावून. सुरुवातीला कुरकुरले, उपरणं चुरगळतं म्हणून. मी ऐकलं नाही. वेग साठाच्या खाली. फोन डिकीत. आणि पेटी मागच्या सीटवर, बुवांच्या बरोबर मागे, शाल पांघरून. ती त्यांच्या गुरूंची पेटी. चपला, जॅक, स्टेपनी असल्या घाणीत ती डिकीत ठेवायची? माझ्या हातून ते होणं शक्य नव्हतं. गाडीत बसतानाही मी आधी पेटीला नमस्कार करायचो, मग स्वतः बसायचो.

त्या मार्गशीर्षात जुन्या गाड्यांची सूट संपली. खरं तर मी अजून महिनाभर टाळलं असतं, पण बुवांची मुलगी वैजयंती दारात उभी राहिली. ती लोकांच्या माना आणि पाठी सरळ करायचं काम करते, स्वतःची मान कुणापुढे वाकवत नाही.

"ताम्हनकरकाका, यंत्र बसवून घ्या. बाबांना न्यायचं तर मला कागद हवा."

"चौदा वर्षांत एकदा तरी..."

"खरचटलं नाही, माहितेय. तुमच्या केंद्रात हेच म्हणतात ना लोक?"

यंत्र बसवलं. शनिवारी मिरजेला कीर्तन झालं, छान झालं. घरी पोचल्यावर मी चहा पीत मोठ्या ऐटीत फोन उघडला.

अकरा.

अकरा वेळा अच्युतबुवा मेले होते. मी एकदाही नाही. कारणाच्या रकान्यात अकराही वेळा एकच शब्द होता: 'पेटी'.

मी चित्र उघडलं. गाडी थांबते. बुवांना पट्टा धरून ठेवतो, मी लावलेला पट्टा. आणि मागून शालीसकट अकरा किलोंची पेटी उठते, तीनशे किलोंची होते आणि बुवांच्या मानेत बसते. अकरा वेळा. मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आलो की गाडीत सुटी वस्तू ठेवू नका, पाण्याची बाटलीसुद्धा सुटी नको. आणि स्वतः देवमाणसाच्या डोक्यामागे दगड ठेवून वर त्याला शाल पांघरत होतो. बिरनाळ्याला मी गाढव समजलो होतो. त्याच्यासारखीच माझीही माया होती. त्यानं निदान नमस्कार तरी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुवांकडे गेलो. ते ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. वैजयंती मागे उभी होती, हाताची घडी घालून.

"ताम्हनकर," बुवा म्हणाले, "मी अकरा वेळा गेलो म्हणे. एकदाही कळवलं नाहीत."

मला हसता येईना.

"काका," वैजयंती म्हणाली, "दत्तजयंतीला दत्तवाडीचं कीर्तन आहे. त्याआधी तासगावचं. तासगावचा कागद स्वच्छ आला तर दत्तवाडीला तुम्ही न्या. नाही आला तर मी दुसरी सोय करते. पेटी वाजवायला तुम्ही आपले एसटीनं या."

शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चौदा वर्षं एका कागदावर येऊन ठेपली होती.

"पेटी डिकीत ठेवतो," मी म्हणालो. "सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्यांनी बांधून."

बुवांचा चष्मा पुसणारा हात थांबला. "डिकीत? चपलांजवळ?"

"चपला काढतो बुवा. डिकी धुतो. सतरंजी घालतो."

बुवांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "बरं," म्हणाले शेवटी, पण मान माझ्याकडे वळवली नाही.

मी डिकी दोनदा धुतली. उदबत्ती लावली. हे सांगताना लाज वाटते, पण लावली. पेटी बांधली. बुवांच्या कोल्हापुरी चपला आणि माझ्या सपाता डिकीतून काढून पुढे, माझ्या सीटखाली सरकवल्या. तासगावला अनवाणी पायांनी गाडी चालवली, म्हटलं पावित्र्य पूर्णच पाळू.

तासगावचा कागद आला. सात. सातही वेळा बुवा आणि मी, दोघेही. कारण: 'चप्पल, ब्रेकखाली'.

वळणावर बुवांची चप्पल घरंगळून पुढे आली होती आणि गणितात सात वेळा ब्रेकखाली जाऊन बसली होती. प्रत्यक्षात दरवेळी चार बोटांनी हुकली. मला कळलंसुद्धा नव्हतं. मी गाडी चालवताना तासगावच्या उत्तररंगातलं पद मनात घोळवत होतो.

केंद्रात एक चालक आला होता एकदा, समोरच्या काचेवर देवांच्या इतक्या मूर्ती चिकटवल्या होत्या की रस्ता दिसत नव्हता. मी त्याला म्हणालो होतो, 'रस्त्यावर देव आहे तो बघा आधी.' मोठा टाळीचा मुद्दा वाटला होता मला तो. आता तो माणूस समोर आला असता तर मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं असतं.

वैजयंतीनं फोन केला नाही. मीच केला. "तू सोय कर," म्हणालो. "मी एसटीनं येतो."

"थांबा," ती म्हणाली. "बाबांना बोलायचंय."

बुवा फोनवर आले. "ताम्हनकर, आज चार घरी सांगून आलो की माझ्याच पेटीनं आणि माझ्याच चपलांनी मला मारलं. लोक हसले. मग घरी येऊन मी विचार केला. मी तासतासभर सांगतो, देह हे देऊळ आहे. टाळ्या घेतो. आणि त्या देवळाच्या पाठीमागे पेटी सुटी ठेवू दिली मी, कारण चपलांशेजारी ठेवायची मला लाज वाटली. लाज कुणाची? चपलांची? पायांना काटे लागू नयेत म्हणून पन्नास वर्षं झिजल्या त्या. उद्या दत्तवाडीला तुमच्याच गाडीतून जायचं, दुपारी तीनला या. डिकी मी लावणार."

दुसऱ्या दिवशी बुवांनी स्वतः वाकून पेटी डिकीत ठेवली, मी बांधली. मग त्यांनी आपल्या चपला काढल्या, पेटीच्या शेजारी कापडी पिशवीत घातल्या, पिशवीचा बंद पेटीच्या पट्ट्याला अडकवला. "दोघीही माझ्याच," म्हणाले. वैजयंती बघत होती. बुवांच्या बाजूचं दार तिनंच हलक्या हातानं बंद केलं.

*

कृष्णाकाठचा रस्ता ऊसतोडीच्या दिवसांत कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर तिच्या दुप्पट उंच ऊस, मागे ना दिवा ना लाल फडकं. चालवणारा गाणी लावून मागे बघायचं विसरलेला. अशा माणसाला परवाना कोण देतं हे मला ठाऊक आहे. माझ्याच शेजारच्या इमारतीतला एक माणूस, जांभई देत.

दत्तवाडी दीड किलोमीटरवर असताना पुढच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली. जोडणीची खीळ निखळली असावी. वळणावर ट्रॅक्टर दिसेनासा झाला आणि ट्रॉली तशीच रस्त्यात उभी, उसाचा डोंगर. मी पंचावन्नवर होतो. ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली काही आलं नाही. गाडी ओरडली, तिसाच्या आसपास आली, पण रस्ता संपला.

मोठा आवाज. हवेची पांढरी पिशवी फुगून तोंडावर. पांढरी पूड. उसाची पानं काचेवर.

मग शांतता. डिकीत काहीतरी दणकन आपटल्याचा आवाज माझ्या कानात उशिरा शिरला.

"झालं?" बुवांनी विचारलं.

"झालं बुवा."

"बघू," असं म्हणून त्यांनी मान एकदा उजवीकडे फिरवली, एकदा डावीकडे. ती फिरत होती. मला रडू फुटलं. "रडू नका," ते म्हणाले, "पट्टा काढा. छातीत रुततोय तुमचा लाडका पट्टा."

गाडीनं आपणहून वैजयंतीला कळवलं होतं. बुवांच्या फोनवर तिचा फोन आला. "बाबा?" बुवा म्हणाले, "आहे." एवढंच. पलीकडून हुंदका ऐकू आला आणि मग तिचा तोच कोरडा आवाज. "निघाले."

मी डिकी उघडली. पट्ट्यांनी पेटी धरून ठेवली होती, पण सीटच्या पाठीवर आपटून एक कोपरा चेपला होता. मागच्या सीटवर जिथे ती चौदा वर्षं बसायची ती जागा मोकळी होती. मी तिथून समोर बघितलं. बुवांच्या टाळूवरचे चार पांढरे केस तिथून अगदी नेमके दिसत होते.

तेवढ्यात दत्तवाडीकडून एक मोठी चकचकीत गाडी आली. उत्सव समितीचे अध्यक्ष. दार उघडून उतरले ते अण्णासो बिरनाळे, आणि त्यांच्या मांडीवरून उतरली तीन वर्षांची नात.

मी रागानं नुसता बघत राहिलो.

"सूनबाई उत्सवाला आल्यात," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "पोरीनं हट्ट धरला. दीडच किलोमीटर हाय. बुवा, लागलं का? चला, बसा, जन्मकाळ जवळ आलाय, हजार माणूस थांबलंय."

"बसतो," बुवा म्हणाले. "पट्टा कुठाय?"

"अहो बुवा, दीड किलोमीटर. आणि गाडीत तुमच्यासारखा माणूस असताना पट्टा कशाला? दत्तगुरू बघत्यात."

"बघतात ना," बुवा म्हणाले. "आत्ताच बघितलं त्यांनी. ती ट्रॉली बघा, गाडीचं नाक बघा. आणि पोरीला कुठे बसवता ते पण बघतायत. पट्टा कुठाय?"

पट्टे नव्या सीटकव्हरच्या खाली गेले होते. कव्हर मऊ, त्यावर मोरपंखी नक्षी. लाखोंची गाडी घेऊन वाचवणारी वस्तू तेवढी गादीखाली कोंबायची, ही आपल्या लोकांची रसिकता.

"कव्हर काढा," बुवा म्हणाले. "नाही तर मी चालत येतो. चपला आहेत माझ्या."

आणि ते खरंच डिकीकडे गेले, पिशवीतून चपला काढल्या, घातल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उपरण्यावर पांढरी पूड, कपाळावरचा बुक्का पसरलेला. पोरगी त्यांच्याकडे टकामका बघत होती. चेपलेल्या पेटीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "आजा, हिला बाऊ झालाय?"

बिरनाळे पेटीकडे बघत राहिले. मग पोरीकडे. मग माझ्या गाडीच्या नाकाकडे आणि आत स्टिअरिंगवर लोंबणाऱ्या फुटक्या पिशवीकडे. काय दिसलं त्यांना ते मला ठाऊक आहे, कारण त्यांचा कागद मी वाचला होता. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि मोरपंखी कव्हर टराटरा फाडलं.

पोरीला मागे मध्ये बसवलं, उशीवर, पट्ट्यात. शेजारी बुवा. मी पुढे. पेटी डिकीत. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वीसच्या वेगानं गाडी चालवली.

*

देवळात गावच्या डॉक्टरीणबाईंनी बुवांची छाती तपासली. पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता, बाकी ठीक. बुवा म्हणाले, "उभं राहून नाही, बसून करतो."

मी पेटी उघडली. पंचमाची पट्टी दाबली की नुसता वारा येई. बाकी सगळे सूर होते.

कीर्तन सुरू झालं. पहिल्याच पदात पंचम आला. माझं बोट सवयीनं पडलं आणि पेटी फक्त श्वास सोडून गप्प झाली. बुवांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि तो पंचम एकट्या आवाजात उचलला, थरथरत, पण नेमका. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय. उत्तररंगात त्यांनी ठरलेलं आख्यान बाजूला ठेवलं आणि पेटीचीच गोष्ट सांगितली. अकरा मरणं, सात मरणं, चपला, सगळं. लोक हसून लोळले. मग बुवांनी मला पंचम दाबायला सांगितला. फस्स आवाज आला.

"ऐका," बुवा म्हणाले. "हा सूर आज माझ्या जागी गेला."

मग जन्मकाळ झाला, पाळणा झाला, गुलाल उडाला.

प्रसादाच्या रांगेत बिरनाळे माझ्याजवळ आले आणि फोन पुढे केला. दीड किलोमीटरचा कागद. 'नोंद घेण्यासारखे काही नाही.'

"बघा," ते म्हणाले. छाती फुगली होती.

"चाळीस वर्षांत पहिलाच," मी म्हणालो.

"तुमचा कागद?"

मी दाखवला. न झालेले अपघात शून्य, झालेला एक, मृत कुणी नाही. त्यांनी दोनदा वाचला आणि प्रथमच मला नावानं हाक मारली. "ताम्हनकर सायेब, मी येऊ का सोमवारी परत? बोलवलं न्हाई तरी?"

"या," मी म्हणालो. "मीही त्याच खुर्चीत बसणार आहे. एक दुसरी मागवतो."

वैजयंती देवळाच्या दारात उभी होती. तिनं बापाच्या मानेवरून दोन्ही हात फिरवले, मणका मणका, डोळे मिटून, जणू जप करतेय. मग डोळे उघडून माझ्याकडे आली. मी पेटी खांद्यावर घेऊन उभा होतो, एसटीची वेळ मनात मोजत.

तिनं तिच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही चालवा, काका. मी मागे बसते."

गाडीपाशी गेलो. तिनं डिकी आधीच उघडून ठेवली होती. आत तिच्या आणि बुवांच्या चपला एका पिशवीत होत्या. मी पेटी त्यांच्या शेजारी ठेवली आणि घट्ट बांधली.